दोन दगडांच्या मधला रस्ता

नारिंगी जाकीट घालून दुकानात जाऊ नये, एवढं एकच शहाणपण मी गेल्या तीन वर्षांत कमावलंय. रस्त्याच्या कामावरची बाई दिसली की लोकांना चेव येतो. भाजी निवडत असावं, तर शेजारचा म्हणणार, "काय मॅडम, आमच्या हयातीत होणार का तुमचा महामार्ग?" की लगेच गल्ल्यावरचा री ओढणार, "तिथे एक माणूस काम करताना दिसला तर शपथ! नुसते प्लास्टिकचे शंकू मांडून ठेवलेत."

पूर्वी मी त्यांना चांगलंच फैलावर घ्यायचे. अहो, गटारांचं काँक्रीट टाकलं की ते कित्येक दिवस नुसतं भिजत ठेवावं लागतं. त्याच्यावर पाय ठेवायचा नसतो, मग माणूस दिसणार कुठून? आणि तुमच्या गाड्या चालू ठेवून काम करायचं, म्हणजे एका वेळी एकच बाजू. घरात माणसं राहत असताना फरशी बदलून बघा एकदा, आणि मग बोला. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आमच्या रस्त्याला इतकी वर्षं का लागली, याचं खरं उत्तर निराळंच निघालं, आणि ते माझ्याच घरात खुर्चीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होतं.

माझं काम भोकं पाडायचं. हसू नका. रस्त्याला ड्रिलने गोल भोक पाडायचं, आतून काँक्रीटचा दंडगोल बाहेर काढायचा, मनगटाएवढा जाड, आणि तो किती सेंटीमीटर भरला ते लिहायचं. त्याला आम्ही कोर म्हणतो. मशीन चालवणारा माझा जोडीदार अंगाने काडी आहे, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो भोक पाडतो, मी मोजते. दर शंभर मीटरवर कडेला एक दगड असतो, त्याच्यावर आकडा असतो, आणि नियमाप्रमाणे त्या दगडापाशीच कोर काढायचा.

घरात मी आणि बाबा, दोघंच. आई गेल्यापासून असंच आहे. बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते, पन्नास माणसांची टोळी त्यांच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटल महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला. जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवून ठेवलंय, पण तिथली यादी हलायचं नाव घेत नाही. भावाचं घर हॉस्पिटलजवळ आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठ दिवस तिथे राहिले आणि जिना चढून चढून अर्धे होऊन परत आले.

रस्ता धड असताना हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं. आता एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सोडतात, त्यामुळे दीड तास, कधी दोन. जाताना ठीक. येताना त्यांच्या पायात पेटके येतात. मागच्या सीटवर आडवे होतात, पिशवीत उलटी करतात, आणि तशा अवस्थेतही त्यांचं तोंड काही बंद होत नाही.

"त्रेचाळीस आला? इथून माझं," दर खेपेला न चुकता. "त्रेचाळीस ते एकोणपन्नास. सहा किलोमीटर, पाच महिन्यांत! पाच! आणि तुम्ही? तीन वर्षं नुसती खाजवताय."

"तुमच्या वेळी गाड्या नव्हत्या बाबा. रिकाम्या जमिनीवर रस्ता करत होतात."

"कारणं देऊ नकोस. आमच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर घड्याळ दिलं होतं हातात. तुला कोणी काय दिलं?"

शिव्या, असं म्हणायचं ओठांवर यायचं, पण त्यांचा चेहरा बघून मी पाण्याची बाटली मागे द्यायचे.

मग एका दुपारी, रांगेत सव्वादोन तास काढल्यावर, ते शांतपणे म्हणाले, "आता बास. मी नाही येणार पुन्हा." डायलिसिस सोडलं तर काय होतं हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी रडले, भांडले, भावाला फोन लावून दिला, कशाचाच उपयोग नाही. शेवटी मी म्हटलं, "एक तारखेला रस्ता उघडतोय. पाटी लागलीये. फक्त नऊ आठवडे. मग वीस मिनिटांत जाऊन येऊ. तेवढं तरी काढा माझ्यासाठी." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. रस्ता उघडेपर्यंत कळ काढतो."

तेव्हापासून मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. एक तारीख, एवढंच.

आता आमच्या रस्त्याचं रडगाणं थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक दगडापाशी कोर काढले. सगळीकडे जुनं काँक्रीट पंचवीस सेंटीमीटर, जसं हवं तसं. मग ठरलं की खालचा पाया उत्तम आहे, फक्त वरचं डांबर काढून नवीन घालायचं. घातलं. चार महिन्यांत त्रेचाळीसच्या पुढे भेगा. मोठे साहेब आले, म्हणाले पाणी मुरतंय. मग वर्षभर दोन्ही बाजूंची गटारं खणली. पुन्हा डांबर घातलं. पुन्हा भेगा. मग म्हणे डांबरच खराब आलं. ते उकरून तिसऱ्यांदा घातलं. पाया मात्र कोणी उकरला नाही, कारण पाया उत्तम आहे हे कागदावर होतं, आणि त्या कागदावर सही माझी होती.

एक तारखेला बारा दिवस राहिले असताना मी आणि पैलवान शेवटच्या फाइलसाठी कोर काढत होतो. पंचेचाळीसच्या तिसऱ्या दगडापाशी रोलर बंद पडून बसला होता, बरोबर आमच्या खुणेवर. ड्रायव्हर पार्टसाठी गेलेला. पैलवान वैतागला. "मॅडम, चाळीस पावलं पुढे पाडतो. काँक्रीट काय चाळीस पावलांत बदलतंय?"

मी म्हटलं पाड.

कोर हातात आला तो आखूड. मला वाटलं आत तुटला. पैलवानाने भोकात बॅटरी मारली आणि म्हणाला, "तुटला नाही. खाली माती आहे."

मोजला. तेरा.

आणखी पुढे पाडला. चौदा. मग पुढच्या दगडापाशी गेलो. पंचवीस. दगड ओलांडून दहा पावलं टाकली आणि पाडला. बारा.

मी तिथेच कठड्यावर बसले. प्रत्येक दगडापाशी पंचवीस आणि मधे सगळीकडे निम्मं. आपोआप असं होत नाही. मोजणारा कुठे मोजणार हे कोणाला तरी पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने तेवढ्याच जागी खोल खणून जाड थर घातला होता, बाकी सहा किलोमीटर नुसतं झाकून घेतलं होतं. आम्ही तीन वर्षं ज्या भेगांमागे धावत होतो, त्या ह्या.

पैलवान भोकात वाकून बघत म्हणाला, "काय डोकं चालवलंय बघा! ह्या माणसाला एकदा भेटायला पाहिजे."

त्या माणसाला मी सकाळीच पायमोजे घालून दिले होते.

कोर घेऊन आमच्या साइटच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब माणूस वाईट नाही. तीन वर्षं त्यांनी जेवढं ऐकून घेतलंय तेवढं दुसरा कोणी घेणार नाही. कोर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग हळूच विचारलं, "दगडापाशीचे सगळे बरोबर आहेत ना?"

"हो."

"मग हा मधला कोणी काढायला सांगितला? नियमात कुठे लिहिलंय, मधे पाडा म्हणून?"

"कुठेच नाही."

"किती टिकेल वरचं?"

"वर्षभर. फार तर दीड."

"मग वर्षाने बघू," ते म्हणाले. "भोकं बुजवून टाका. मी काही पाहिलं नाही."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी भांडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता. त्याऐवजी मी मनातल्या मनात बारा दिवस मोजले आणि कोर पिशवीत टाकला. साइटवर कुठे पडलेला दिसायला नको, घरी जाताना नाल्यात टाकू म्हणून. पण नाल्यापाशी माणसं होती, आणि पिशवी तशीच घरी आली.

संध्याकाळी मी चहा टाकत होते. बाबा हॉस्पिटलची फाइल शोधत होते आणि ती नेहमी माझ्या पिशवीत असते. पाठीमागून आवाज आला, "हे काय गं?"

वळून बघितलं तर कोर त्यांच्या मांडीवर. दोन्ही हातांनी धरलेला. बोटाने खडी चाचपत होते.

"गोल खडी," ते म्हणाले. "नदीची. आता कोणी वापरत नाही. ही माझी आहे." मग त्यांनी कोर उभा धरून वीत लावली, आणि त्यांचा हात थांबला. "कुठून काढलास?"

"बाबा, चहा घ्या आधी."

"कुठून काढलास ते सांग."

"पंचेचाळीस. तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मधून."

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, तरी त्यांची बोटं खडीवरच. मला राग आवरेना. "तीन वर्षं!" मी ओरडले. "तीन वर्षं मी लोकांच्या शिव्या खातेय! तुम्हीही त्यातच! दर खेपेला इथून माझं, इथून माझं! लाज नाही वाटली?"

"विसरलो होतो," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही. विसरलो नव्हतो. आठवायचं नाही, असं ठरवलं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. उद्घाटनाची तारीख वरून आली होती. खडी वेळेवर येत नव्हती. माणसं सोळा-सोळा तास काम करत होती आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. एक जण असाच डुलकी लागून रोलरपुढे पडला. बाविशीतला. "दुसऱ्या दिवशी आमचे साहेब आले. विचारलं, तारखेचं काय? त्या पोराचं कोणी विचारलं नाही. त्या रात्री मी टोळीला झोपायला पाठवलं, आणि सकाळी सांगितलं, दगडापाशी पंचवीस घाला, मधे बारा-तेरा बस. मोजणारा जीपमधून दगडापाशीच उतरायचा. त्याच्या वहीत दगडाचाच आकडा लिहायचा असायचा. पुढे कोणी मेलं नाही. तारीख गाठली. घड्याळ मिळालं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "ठीक आहे. झालं ते झालं. हे कोणाला कळणार नाही. साहेब म्हणालेत, वर्षाने बघू. एक तारखेला रस्ता उघडतोय."

"आणि वर्षाने?"

"वर्षाने बघू."

"म्हणजे तोवर मी नसेन. असंच ना?"

"हो, असंच," मी म्हणाले. "मला रस्त्याचं काही पडलेलं नाही. मला तुम्ही हवे आहात. वर्षभर मिळालात तरी चालेल."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सुजलेला, जड हात. "अगं वेडे," ते म्हणाले, "अठ्ठेचाळीसला पुलाचा उतार आहे. तिथे खडी संपलीच होती. तिथे नऊ-दहाच असेल. खाली भरावाची माती. पूर्वी एवढे जड ट्रक नव्हते, आणि ही तीन वर्षं गाड्या सावकाश जात होत्या. आता तुम्ही वर गुळगुळीत करून दिलंत. भरलेला ट्रक जोरात उतरेल तिथून." ते थांबले. "कागद घे. सांगतो तसं लिही."

मी पेन फेकून दिलं. मग त्यांनी स्वतः वाकून ते उचललं, हॉस्पिटलच्या कागदाच्या पाठीवर किलोमीटरमागून किलोमीटर लिहिले, कुठे किती घातलंय ते लिहिलं, आणि खाली नाव लिहून सही केली. अर्धा तास लागला. आकडा एकही खोडला नाही.

सकाळी मी आधी अठ्ठेचाळीसला गेले. मनात म्हणत होते, बाबांची आठवण चुकलेली असू दे. पैलवानाने उतारावर भोक पाडलं. नऊ.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. "हे तुमचे कोण?"

"वडील."

"त्यांचंच डायलिसिस चालू आहे ना?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी अजून वाचलेला नाही. घेऊन जा. विचार करा."

मी कागद टेबलावरच ठेवला आणि बाहेर आले. फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही.

दोन दिवसांत एक तारखेची पाटी उतरली. शंकू परत आले. नवंकोरं डांबर तिसऱ्यांदा उकरलं आणि या खेपेला खालचं काँक्रीट फोडायला घेतलं. आणखी चौदा महिने. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "हं" केलं. मला वाटलं, आता हे थांबणार. पण गुरुवारी स्वतःहून बूट घालून दारात उभे. "चल. रस्ता उघडेपर्यंत म्हणालो होतो."

आणि मग त्यांनी एक नवीनच सुरू केलं. रांग त्रेचाळीसपाशी थांबली की काच खाली करायची आणि शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारायची. "अहो, ऐका. हे काम लांबलंय ना, ती चूक माझी आहे. मी इथला मुकादम होतो. पातळ घातलं मी."

लोक हसायचे. कोणी म्हणायचं, "असू द्या आजोबा, आराम करा." एक जण माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाबा, काच वर करा. कशाला हे?"

"कोणीतरी विचारत असतं ना तुला, का लांबलं म्हणून? मग सांगायला नको?"

अकरा खेपा हे असंच चाललं. कोणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि त्यामुळे ते प्रत्येक खेपेला जास्तच समजावून सांगायचे.

बाराव्या खेपेला शेजारी एक छोटी पांढरी गाडी होती. चालवणारी बाई माझ्याच वयाची असेल. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. ती हसली नाही. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि आमच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"खरं सांगताय?"

"खरं सांगतोय, पोरी."

"माझा नवरा याच रांगेत गेला. मागच्या हिवाळ्यात. छातीत दुखत होतं. चाळीस मिनिटं गाडी हलली नाही. मी खाली उतरून पळत सुटले, शंकू उचलून फेकले, वाट करायला. पलीकडे सगळा रस्ता रिकामा होता, आणि आम्हाला जाता येत नव्हतं."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"सेहेचाळीसच्या पुढे. तिथे दगड आहे, त्याच्या जरा अलीकडे."

"माझंच ते," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

तिने त्यांना शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. ओरडावं, थोबाडीत मारावी. ती नुसती त्यांच्या सुजलेल्या हातांकडे बघत उभी राहिली. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तशी गाडीत जाऊन बसली. रांग हलली आणि ती पुढे निघून गेली.

"गाडी वळव," बाबा म्हणाले.

वळवायला जागा नव्हती. दोन्हीकडे कठडे, मागे गाड्याच गाड्या. हॉस्पिटलपर्यंत जाऊनच वळावं लागलं. फाटकापाशी मी गाडी थांबवली, त्यांचा पट्टा सोडवला, त्यांनी तो पुन्हा लावला. मी हातापाया पडले. भाऊ धावत आला, तोही रडला. नर्स खाली उतरून आली, डॉक्टर आले, सगळं समजावून झालं. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा काही दोष नाही हो. मला घरी जायचंय."

त्यानंतर ते नऊ दिवस होते.

त्या दुपारी परत येताना आम्ही पुन्हा त्याच रांगेत लागलो. बाबा पुढच्या सीटवर बसले होते, काच वर करून. कठड्यापलीकडे माणसं त्यांचं काँक्रीट फोडत होती, धूळ उडत होती. दोन तास दहा मिनिटं लागली. ते सगळा वेळ जागे होते, आणि किती वेळ लागेल म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही.